सरनौबताचं शेवटचं प्रकरण

अण्णा, तुम्ही गेल्याचं कळवायला मी त्या दिवशी एकतीस फोन केले. मिरजेला, सांगलीला, पुण्याला, तुमच्या शाळेतल्या तिघा जुन्या शिक्षकांना. एकतीसपैकी बावीस जण एकच म्हणाले: सुटले. मी प्रत्येकाला हो म्हणालो, कारण ती वाद घालायची वेळ नव्हती. पण तुम्ही कशात अडकलेले नव्हतात, हे या घरातल्या आम्हा दोघांना ठाऊक होतं. सुटलो असू तर आम्ही. जुलैपासून मेधाला आणि मला एकाच गोष्टीची धास्ती होती, की तुम्ही हॉस्पिटलच्या बंद दारापलीकडे जाल आणि आम्ही ते टॅबलेटच्या पडद्यावर बघू. तसं झालं नाही. काल तुमचा तेरावा झाला. चौदाव्या दिवशी जावयाने सासऱ्याला ‘मला हायसं वाटतंय’ असं लिहिणं शोभत नाही. पण तुमच्याशी गोड बोलायची सवय मला कधी नव्हती, आणि ती आता लावून घेण्यात अर्थ नाही.

तुम्ही आलात ते तीन महिन्यांसाठी. आई गेल्यानंतरचं पहिलं वर्ष तुम्ही मिरजेच्या घरात एकट्याने काढू नये म्हणून मेधाने तुम्हाला बोलावून घेतलं. बॅगेत भडंगाची सहा पाकिटं, मेतकुटाचा डबा, आणि जून महिन्याचं परतीचं तिकीट. मार्चमध्ये साथीमुळे देशाच्या सीमा बंद झाल्या आणि ते तिकीट कपाटावर पडून राहिलं. पहिले दोन महिने तुम्ही केलीव्हिलच्या आमच्या घरात पाहुण्यासारखे वागलात. फ्रीज उघडायच्या आधी विचारायचात, स्वतःचं ताट धुऊन ठेवायचात. तिसऱ्या महिन्यात एका सकाळी तुम्ही मला सांगितलंत की मागच्या अंगणातल्या कढीपत्त्याला मी फार पाणी घालतो आणि त्याने तो मरेल. तेव्हा मला कळलं की तुम्ही आता राहायला आलात.

सव्वीस वर्षं जावई असूनही तुम्ही मला सुधीररावच म्हणालात, अहो-जाहोच केलंत. फार रागावलात की मात्र ‘जावईबापू’. एकोणीस महिन्यांत मी नऊ वेळा जावईबापू झालो. त्यातल्या सात वेळा त्या सरनौबतापायी.

तो तुम्हाला भेटला आमच्या शेजारच्या ड्राइव्हवेमध्ये. आमच्या शेजारी स्टाना राहते, ब्याऐंशी वर्षांची, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. दोघं तरुणपणी युगोस्लाव्हियातून इथं आले, तो देश आता नकाशात नाही. मी तिला दहा वर्षं ओळखत होतो, म्हणजे बिन बाहेर काढताना हात हलवत होतो. लॉकडाउनमध्ये एक दिवस ती नवऱ्याचं वाद्य पुसायला उन्हात घेऊन बसली. एका तारेचं, तीही घोड्याच्या केसांची, धनुकलीने वाजवायचं. तुम्ही मिरजेचे. तंबोऱ्यासाठी भोपळे निवडताना बघत लहानाचे मोठे झालेले. तुम्ही चष्मा सारखा करत तिच्या कुंपणाच्या टोकापर्यंत गेलात आणि मराठीतच विचारलंत की हे काय आहे. तिला एक अक्षर कळलं नसणार, पण तिने वाजवून दाखवलं. त्यांच्यात बायका हे वाजवत नाहीत म्हणे. नवऱ्याने कधी हात लावू दिला नाही, पण त्याची गाणी ऐकून ऐकून तिला सगळी पाठ होती.

ती गाणी काळ्या डोंगराच्या एका सेनापतीची होती. त्या देशाचं नावच काळा डोंगर, माँटेनिग्रो. एकोणिसाव्या शतकात हा माणूस तुर्कांशी लढला आणि आपल्या लढायांची गाणी स्वतःच रचली. राज्य त्याच्याच घरात होतं, पण गादीवर तो कधी बसला नाही. आधी भाऊ बसला, मग मुलगा. छत्तीस वर्षं इतिहास शिकवूनही तुम्ही त्याचं नाव ऐकलेलं नव्हतं, आणि ते तुम्हाला फार लागलं. त्याच संध्याकाळी तुम्ही मला सांगितलंत की आपल्याकडे लढणारा एक असतो आणि पोवाडा रचणारा दुसरा, पण या गृहस्थाच्या बाबतीत आरोपी आणि साक्षीदार एकच आहे. त्याचं खरं नाव तुमच्या जिभेवर नीट बसेना. तुम्ही त्याला सरनौबत म्हणायला लागलात, मग मेधाही म्हणायला लागली, आणि पुढे तर स्टानासुद्धा.

मग तुमचं काम सुरू झालं. रोज सकाळी साडेदहाला तिच्या ड्राइव्हवेमध्ये तिची खुर्ची, आमच्या ड्राइव्हवेमध्ये तुमची. मधलं अंतर मी टेपने मोजून खडूने रेघ मारून दिली होती, दोन मीटर तीस. ती एक ओळ तिच्या भाषेत दोनदा म्हणायची. मग इंग्रजीतले हाताशी असतील ते शब्द, आणि शब्द संपले की हातवारे. तुम्ही तिला जे कळलं ते इंग्रजीत परत सांगायचात. ती मान हलवायची, पुन्हा सांगायची. तिने ‘गुड, प्रोफेसर’ म्हटलं की तुम्ही दोनशे पानी वहीत पेन्सिलने मराठी ओळ लिहायचात. चांगल्या दिवशी सहा ओळी, वाईट दिवशी एकही नाही. मी आतल्या खोलीत कामाला बसलेलो असायचो. बांधायच्या इमारतींना किती काँक्रीट, किती सळई, किती माणसं आणि किती दिवस लागतील हे काढून देणं हा माझा धंदा. त्या खिडकीतून मला तुमच्या दोघांचे हात दिसायचे. म्हातारपणी इतक्या जोरात हात हलवणारी माणसं मी पाहिली नव्हती.

पहिला जावईबापू मी त्यातूनच झालो. एका गाण्यात सरनौबत एका पहाटेत एक अरुंद खिंड ओलांडतो, इतकी अरुंद की दोन घोडी शेजारी जाऊ नयेत, आणि उन्हं यायच्या आत पलीकडे हजारो शत्रू कापून काढतो. तुम्ही कौतुकाने वाचून दाखवलंत. मी कागद घेतला. एकामागे एक माणूस, मिनिटाला इतके, सगळी फौज पलीकडे जायलाच दुपार होते, कापायचं पुढचं. तुम्ही वही मिटलीत आणि म्हणालात, “जावईबापू, त्या खिंडीचं टेंडर निघालेलं नव्हतं.” चार दिवस तुम्ही माझ्याशी हवापाण्याखेरीज काही बोलला नाहीत. पाचव्या दिवशी ती भानगड तुम्हीच स्टानापुढे मांडलीत, आणि मला खिडकीतून बाहेर बोलावलंत. ती हसली नाही. तिने सांगितलं की आपले किती पडले ते तो नावाने सांगतो, गावासकट, बापाच्या नावासकट. ते मोजून बघ, एकही चुकलेला नसेल. “आमचे त्याने नावाने मोजले,” ती म्हणाली, “त्यांचे भीतीने.” मी नंतर खरंच मोजले. नावं जुळली. त्या दिवसापासून मी तुमच्या वहीचा आकडे तपासनीस झालो. ती नेमणूक मला आवडली होती, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात, म्हणजे इथल्या उन्हाळ्यात, ते पुस्तक जवळजवळ बंद पडलं होतं. त्याच्या लढाया क्रमाने लिहिताना तुम्हाला मधल्या एका मोहिमेचं गाणं सापडेना. स्टानाला विचारलंत तर ती उठून आत गेली. दुसऱ्या दिवशी आली आणि सांगितलं की त्या मोहिमेचं गाणं आपल्याला माहीत नाही, आणि असलं तरी ते तिच्या घरात कोणी म्हटलं नसतं. ती मोहीम तुर्कांवर नव्हती. गादीला कर न देणाऱ्या आपल्याच एका टोळीवर होती. सरनौबताने त्यांची गावं जाळली. बायका, पोरं, म्हातारे, कोणी बघितलं नाही. स्टानाच्या आजीची आजी त्या गावांतल्या एका गोठ्यात लपून वाचली होती. मी, माझ्या सवयीने, किती माणसं गेली ते विचारलं. असा प्रश्न मी पुन्हा कोणाला विचारलेला नाही.

तुम्ही नऊ दिवस वही उघडली नाहीत. तुमचा जीव बसला होता त्या माणसावर. मी तेव्हा जेवताना विचारलं, की काय, आता सरनौबत नको झाला का? त्यात थोडा दुष्टपणा होता अण्णा. तुमच्याकडे एक वीर होता आणि माझ्याकडे फक्त आकडे होते, त्याचा तो राग असेल. दहाव्या दिवशी स्टानाने खडूच्या रेघेपाशी येऊन तुम्हाला हाक मारली.

“लिहा, प्रोफेसर. दोन्ही लिहा,” ती म्हणाली. “माझा नवरा त्याच्या टोळीचा, मी जळलेल्या गावची. मी दोन्ही घेऊनच साठ वर्षं संसार केला.”

ते प्रकरण तुम्ही लिहिलंत. माझ्या मते वहीतलं ते सगळ्यात चांगलं. तिथं एकही विशेषण नाही.

राहिला तो त्याचा मृत्यू. इतक्या लढायांतून वाचलेला हा माणूस शेवटी कॉलऱ्याने गेला. साथ आली आणि त्यात तो गेला, तुम्हाला एवढंच मिळालं. तो मुद्दाम माणसांत थांबला की निघायच्या आत सापडला, हे स्टानाला माहीत नव्हतं. तिच्या आजीच्या गावात तर म्हणायचे की तलवारीला जमलं नाही ते पाण्याने केलं. तुम्ही मात्र ठरवून टाकलंत की तो थांबला. आणि तिथून आपला खरा वाद सुरू झाला.

माझं म्हणणं साधं होतं. साथ पाण्यातून पसरते. खाली वस्ती, वर डोंगर, डोंगरात झरे. चार आठवडे वर जाऊन राहायचं. त्याच्यावर एक अख्खा मुलूख अवलंबून होता, त्याला असं मरायचा अधिकारच नव्हता. तुम्ही म्हणायचात की माणसं पटापट मरत असताना जो सेनापती डोंगर चढून जातो, त्याच्यामागे नंतर कोण उभं राहील? मी म्हणायचो, जिवंत राहिला तर कोणीतरी राहील ना. हा वाद आपण सकाळच्या अकराच्या पत्रकार परिषदेनंतर घालायचो. टीव्हीवर त्या दिवसाचे रुग्ण सांगायचे, मी ते तक्त्यात भरायचो, आणि तुम्ही चहाचा कप घेऊन मागे उभे राहून म्हणायचात की हा तुमचा तक्ता डोंगरावर बसूनच भरता येतो. चालायला जाताना वाद. कढीपत्त्यापाशी वाद. मेधा एकदा वैतागून म्हणाली की तो माणूस मरून दीडशे वर्षं झाली, आता त्याला खाली राहू द्या नाहीतर वर जाऊ द्या, पण माझी पोळी करपतेय.

मला तो वाद सरनौबताविषयी आहे असंच वाटत होतं. जुलैपर्यंत.

जुलैमध्ये तुमच्या पायांवर सूज आली, आडवं झालं की दम लागायला लागला. दुसरा लॉकडाउन नुकता सुरू झाला होता. हृदयाची ताकद फार कमी झाली आहे असं निघालं. तुम्हाला अकरा दिवस हॉस्पिटलात ठेवलं आणि त्या अकरा दिवसांत आम्हाला आत सोडलं नाही. नियम होता, मी तक्रार करत नाही. एक भली नर्स रोज चार वाजता टॅबलेट धरून उभी राहायची. तुम्हाला ऐकू कमी, तिच्या तोंडावर मास्क, आणि पडद्यावर बहुतेक वेळ तुमचा एक कान. मेधा तुमच्या कानाशी बोलायची. अकराव्या दिवशी मी तुम्हाला गाडीतून घरी आणलं. तुम्ही वाटेत एकच वाक्य बोललात, की तिथं तुम्हाला कोणी नावाने हाक मारली नाही. त्यांना ‘अण्णा’ हे नाव माहीतच नव्हतं, फाइलवर दुसरं होतं, आणि ते नाव आई गेल्यापासून कोणी वापरत नव्हतं.

त्यानंतर मी तुमचं वजन ठेवायला लागलो. डॉक्टरांनीच सांगितलं होतं, वजन वाढलं म्हणजे अंगात पाणी साठतंय. रोज सकाळी सातला, चहाच्या आधी, त्याच काट्यावर. तुम्ही काट्यावर चढताना दर वेळी म्हणायचात की मिरजेच्या मार्केट यार्डात गुळाची ढेप अशीच चढवतात. मला ते काम बरं वाटायचं. आकडा हातात असला की मी माणूस असतो.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात पाच दिवसांत तीन किलो वाढले. रविवारी सकाळी मी डॉक्टरांना फोन लावला. त्या म्हणाल्या, आणा, सलाइनमधून औषध देऊन पाणी काढू. मी त्यांना सगळं विचारून घेतलं, लिहून घेतलं आणि बॅग भरायला घेतली. चष्मा, चार्जर, कवळीची डबी, वही. तुम्ही पलंगाच्या कडेला बसून माझ्याकडे बघत होतात. मेधा दारात उभी होती.

तुम्ही मला विचारलंत, तिथं किती दिवस मिळतील. मी कागद बघून सांगितलं, महिना, कदाचित दीड. आणि इथं? दोन आठवडे, फार तर तीन.

“आणि त्या दीड महिन्यातले घरचे किती?”

मी बॅगेची चेन लावत राहिलो.

“आकडा सांगा, सुधीरराव.”

“शून्य,” मी म्हणालो.

“मग तुमची बेरीज बरोबर आहे. एकक चुकलंय.”

मी तरी ऐकलं नाही. मला आठवतं ते सगळं इथं लिहितो, म्हणजे नंतर मला सोयीचं विसरता येणार नाही. मी म्हणालो की हे सरनौबताचं खूळ आहे, तुम्ही त्या पुस्तकात शिरला आहात, इथं औषध आहे आणि ते घ्यायला डोंगरही चढायचा नाही, पंचवीस मिनिटं गाडीत बसायचं आहे. मी आवाज चढवला. माझ्या घरात, आजारी माणसावर. तुम्ही ‘जावईबापू’ म्हणाल असं मला वाटलं. तुम्ही म्हणाला नाहीत, डोळे मिटून घेतलेत.

मी गॅरेजमध्ये जाऊन उभा राहिलो. थोड्या वेळाने मेधा आली. ती तुमची बाजू घ्यायला आली आहे की माझी, मला कळेना. तिने कोणाचीच घेतली नाही. तिने इतकंच सांगितलं की जुलैच्या अकरा दिवसांत तिने तुम्हाला एकदाही हात लावला नव्हता. “मला तसं पुन्हा नाही जमणार, सुधीर. त्यांना जमेल कदाचित. मला नाही.”

वीस मिनिटांनी मी वर गेलो आणि बॅग रिकामी केली. तुमचे डोळे मिटलेलेच होते, पण तुम्ही झोपला नव्हतात, कारण मी वही टेबलावर चुकीच्या बाजूला ठेवली तेव्हा तुम्ही बोटाने दुसरी बाजू दाखवलीत.

तुम्ही सतरा दिवस राहिलात.

दुसऱ्या दिवसापासून ब्रॉनविन यायला लागली, घरी येऊन शेवटच्या आजाराची काळजी घेणारी नर्स. मोठ्या आवाजाची, हसरी बाई. तिने येताच तुम्हाला काय म्हणून हाक मारू असं विचारलं, आणि ‘आना, डार्ल’ अशी हाक मारायला सुरुवात केली. मग तिने वजनकाटा उचलून कपाटात ठेवला. मी विचारलं, मग मी काय लिहू? ती म्हणाली, काही नको, मेट, त्यांच्यापाशी बस. मला ते जमायला तीन दिवस लागले.

तुमचा पलंग आम्ही पुढच्या खोलीत आणला, ड्राइव्हवेच्या बाजूच्या खिडकीपाशी. साडेदहाला स्टाना तिच्या खुर्चीवर येऊन बसायची. खिडकी उघडी. ती ओळ म्हणायची, आता अर्थ सांगायचं काम उरलेलं नव्हतं. तुम्ही मान हलवायचात. मेधा मेतकूट-भात मऊ करून भरवायची, कधी तीन घास, कधी एक. आमची मीरा ब्रिस्बेनला, राज्याची सीमा बंद. तिने फोनवर तुम्हाला इंग्रजीत विचारलं, are you scared, Ajoba? आणि तुम्ही तुमच्या शाळेतल्या इंग्रजीत उत्तर दिलंत, नो, आय अॅम अॅट होम. दम लागायचा, दोन दुपारी फार वाईट गेल्या, ते मी लपवत नाही. ब्रॉनविनच्या औषधाने तो उतरायचा. मी तुमचे पाय चेपायचो. सासऱ्याचे पाय जावई चेपत नाही, आपल्यात ते उलटं असतं. तुम्ही दोनदा पाय ओढून घेतलेत, तिसऱ्यांदा घेतले नाहीत.

याच दिवसांत तुम्ही चार दुपारी दार लोटून घेऊन लिहीत बसलात. पाठीमागे तीन उशा, मांडीवर पोळपाट, त्यावर वही. चौथ्या दिवशी मला बोलावून वही दिलीत आणि म्हणालात की आकडे तपासा, बाकी हात लावू नका. मी ती टेबलावर ठेवली. तेव्हा वाचायला हवी होती. वाचली असती तर तुमच्याशी बोलता आलं असतं. पण तुमच्या समोर तुमचं शेवटचं प्रकरण उघडणं म्हणजे ते शेवटचं आहे असं कबूल करणं, आणि मी ते टाळलं.

त्या रविवारी चढवलेल्या आवाजाबद्दल मला तुमची माफी मागायची होती, तीही राहिली. एकदा ओठांपर्यंत आली होती. तुम्ही म्हणालात, कढीपत्त्याला पाणी घातलं का? मी म्हणालो, थोडंच. तुम्ही म्हणालात, बरं केलंत. मी ती माफी झाली असं धरून चालतो आहे.

सतराव्या दिवशी सकाळी नऊनंतर श्वास लांब लांब व्हायला लागले. मेधाने तुमचा डावा हात धरला होता, मी उजव्या बाजूला. तुमच्या कपाळावर ऊन आलं म्हणून मी पडदा ओढायला उठलो, तर मेधाने मान हलवून नको म्हटलं. दहा वाजून चाळीस मिनिटांनी तुम्ही गेलात. मग मेधाने तुमच्या ओठांवर तुळशीचं पान ठेवलं, आणि आम्ही एकमेकांकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर जे होतं तेच माझ्या चेहऱ्यावर असणार. तिला हवं ते झालं होतं, तुम्हाला हवं ते झालं होतं. रडू नंतर आलं, भरपूर आलं. पण आधी ते आलं.

अंत्यविधीला दहा माणसांची परवानगी होती. मी यादी करायला बसलो आणि दहा भरेनात. सहा जण आणि एक स्टाना, सात. ती काळ्या कपड्यांत आली आणि तुमच्या पायांशी वाकून तिच्या पद्धतीने छातीवर खूण केली. गुरुजींनी मंत्र फोनवरून सांगितले. अस्थी घरात आहेत. सीमा उघडल्या की मी स्वतः मिरजेला घेऊन येणार आहे, कृष्णेत. घाई नाही. तुम्हीही म्हणाला असतात, परतीचं तिकीट आहेच.

काल तेराव्याचं जेवण झाल्यावर दुपारी मी वही उघडली. आकडे तपासले, तीन ठिकाणी दुरुस्ती, किरकोळ. मग ते प्रकरण वाचलं.

तुम्ही लिहिलं आहे: “तो थांबला की अडकला, हे आपल्याला माहीत नाही. थांबला असेल तर तो चुकला. माझे जावई सुधीरराव यांनी या मुद्द्यावर माझ्याशी वर्षभर वाद घातला, आणि मी हट्टाने नाही म्हणत राहिलो. त्यांचं बरोबर आहे. ज्याच्यामागे माणसं उभी आहेत त्याने जगण्याची प्रत्येक वाट चढून बघायला हवी. आपल्या घरात, आपल्या पलंगावर मरण्याची चैन सेनापतीला नाही. ती माझ्यासारख्या पेन्शनरला आहे, आणि ती मी करणार आहे.”

मी मोठ्याने हसलो. मेधा स्वयंपाकघरातून धावत आली, काय झालं म्हणून. तिला वाचायला दिलं. ती वाचता वाचता खुर्चीवर बसली आणि म्हणाली, तुम्ही दोघं म्हणजे ना.

वर्षभराचा वाद मी जिंकलो आहे, अण्णा, लेखी. आणि मला तो निकाल पटत नाही. ते सतरा दिवस बघायच्या आधी मला ती वाट चार आठवड्यांची आणि एका डोंगराच्या उंचीची वाटत होती. खाली राहिलेल्यांना काय वाटलं असेल हे माझ्या कागदावर नव्हतं. त्याचंही घर असेल, घरात मेधासारखं कोणीतरी असेल. तो वर गेला असता आणि तिथं एकटा मेला असता, तर त्या बाईने काय केलं असतं? मुलुखाला तो हवा होता, हे खरं आहे. जळलेल्या गावांना तो नको होता, हेही खरं आहे. पण त्या घराला तो घरी हवा असेल. मी आता त्याला डोंगरावर पाठवू शकत नाही. तुम्ही समोर असतात तर हे ऐकून दहाव्यांदा जावईबापू म्हणाला असतात, की जिंकल्यावर बाजू बदलणारा पक्षकार मी पहिलाच पाहिला.

वहीचं पुस्तक होईल. टाइप करायला मी बसणार आहे, स्टाना नावं तपासून देणार आहे. तुम्ही सांगितलंत तसं मी कुठेही हात लावणार नाही. तुमचं वाक्य तुमच्या जागी राहील, सुधीररावांचं बरोबर आहे, हेसुद्धा. फक्त त्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात मी एक ओळ टाकणार आहे: लेखकाच्या जावयाला हे आता मान्य नाही.